चिबा-सानचा ट्रक, बाबांचं इंजिन

सेंदाई
१३ नोव्हेंबर २०२५

प्रिय अनघा,

पाकीट बघून दचकू नकोस, मी ठणठणीत आहे. कुणी आजारी नाही, कुणी गेलेलं नाही. वाढदिवसाच्या चार ओळींपलीकडे मी तुला इतक्या वर्षांत काही लिहिलेलं नाही, त्यामुळे एवढं जाड पत्र पाहून पहिली शंका तीच येणार, म्हणून आधीच सांगून टाकते. फोनवर लिहून पाहिलं होतं. चार वेळा लिहिलं आणि चारही वेळा पाठवायच्या आधी पुसलं. आता पेन घेऊन बसले आहे. अक्षर लावायला त्रास होईल. कॉलेजात प्रॅक्टिकलच्या वहीवर आमच्या बाई शेरा मारायच्या, ‘डॉक्टर व्हायला हवं होतंस.’

माझ्याकडची बातमी तशी गमतीची आहे. गेले दोन हिवाळे खपून मी एका जुन्या ट्रकचं इंजिन बदललं. म्हणजे आम्ही बदललं, मी आणि चिबा-सान. चिबा-सान तुला आठवतात का? यागियामाच्या चढावर आपल्या इमारतीच्या खालच्या वळणाला निळ्या कौलांचं घर होतं, शेजारी पत्र्याची शेड. चाळीस वर्षं बस कंपनीत मेकॅनिक होते. त्यांचा तो मळकट हिरवा डॅटसन पिकअप, १९८२ सालचा. पुढे एकच सलग सीट, तिघं दाटीवाटीने बसायची. मागच्या हौद्यात कायम सुतळी, टोपल्या आणि एक फावडं. तू शाळेतून येताना त्याच्या बॉनेटवर बोटाने चित्रं काढायचीस, इतकी धूळ असायची. ते कधी रागावले नाहीत, आणि त्यांनी ती धूळ पुसलीही नाही.

त्याच ट्रकमधून तू आणि बाबा यामागाताच्या विमानतळावर गेलात. तेव्हा तू आठ वर्षांची होतीस, कितपत आठवत असेल कोण जाणे. भूकंपाला चार दिवस झाले होते. घरात गॅस नव्हता, नळाला पाणी नव्हतं, बाहेर बर्फ. रेडिओवर फुकुशिमाच्या अणुभट्टीची बातमी दर तासाला आणखी वाईट होत होती. पेट्रोलसाठी लोक पहाटेपासून गाड्या रांगेत लावून थंडीत बसत होते आणि पंप उघडतच नव्हते. चिबा-सान वर आले, दारातच उभे राहून म्हणाले, “माझ्या टाकीत डोंगर ओलांडून परत येण्यापुरतं आहे. मुलीला न्यायचं असेल तर आत्ता.” बाबांनी दहा मिनिटांत बॅग भरली. तू माझा लाल मफलर गुंडाळून मधे बसलीस. बाबा म्हणाले, “दोन आठवड्यांत तू पण ये.” मी म्हटलं, “हो.” ट्रक वळणावरून दिसेनासा झाला आणि मी बादली घेऊन पाण्याच्या रांगेत जाऊन उभी राहिले.

बाबांची सिल्व्हिया तुला नक्की आठवत असेल. चंदेरी, दोन दारांची, मागे बसायला तुला पुढची सीट पाडून आत शिरावं लागे. सेकंडहँड घेतली होती, पण टर्बो इंजिन होतं, शर्यतीच्या हौशी पोरांची गाडी. तुझ्या बाबांसारख्या सॉफ्टवेअरवाल्या, चष्मा लावणाऱ्या माणसाने ती का घ्यावी, मला कधी कळलं नाही. रविवारी पार्किंगमध्ये बॉनेट उघडून तासन्‌तास बघत उभे राहायचे. भूकंपात पार्किंगची सिमेंटच्या विटांची भिंत तिच्यावर पडली. छत आत गेलं, काचा फुटल्या, मागचा भाग चेपला. पुढच्या भागाला मात्र ओरखडासुद्धा नव्हता. ती भंगारात काढायची असं मी ठरवलं होतं. मग चिबा-सान म्हणाले, “शेडमध्ये जागा आहे, तिथे ढकलून ठेवू.” तशी ती बारा वर्षं ताडपत्रीखाली पडून राहिली. बारा वर्षांत मी फक्त दोनदा ताडपत्री उचलून पाहिली, आणि दोन्ही वेळा लगेच खाली सोडली.

दोन वर्षांपूर्वी, पानगळीच्या दिवसांत डॅटसनचं इंजिन बसलं. चढावर अर्ध्यात निळा धूर सोडून थांबलं, ते पुन्हा धड चाललं नाही. चिबा-सानांचं वय तेव्हा एक्क्याऐंशी. त्यांनी इंजिन उघडून पाहिलं, हात पुसले आणि म्हणाले, “याचं झालं. माझंही झालंच आहे. नेऊ दे भंगारवाल्याला.” अनघा, हा माणूस बायको गेल्यावरसुद्धा माझ्यासमोर असा बोलला नव्हता. माझ्या तोंडून निघून गेलं, “माझ्याकडे एक इंजिन आहे.” त्यांनी ताडपत्रीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मला ते, प्राध्यापकांना म्हणतात तसं, ‘सेन्सेई’ म्हणतात. म्हणाले, “सेन्सेई, तो ट्रक भाजी वाहायचा आहे.” मी म्हटलं, “भाजी लवकर पोचेल.” ते हसले, आणि हसता हसता टेप घेऊन मापं घ्यायला लागले.

गाडी कागदोपत्री बाबांचीच होती, म्हणून मी बाबांना मेल केली. घटस्फोटानंतर आम्ही एकमेकांना लिहिलं ते फक्त तुझ्या पासपोर्टच्या सह्यांसाठी. दुसऱ्या दिवशी एवढं लांब उत्तर आलं! थंडीत सुरू केल्यावर दोन मिनिटं तरी तसंच चालू द्यायचं. जोरात चालवून आल्यावर लगेच बंद करायचं नाही, टर्बो निवू द्यायचा. पुढच्या बाजूची एक नळी मूळची नाही, त्यांनी बदललेली आहे, तिची पकड तपासायची. तेल कुठलं, प्लग कुठले. शेवटी, ‘खूप छान होईल. जपून करा.’ ना तब्येतीची चौकशी, ना तुझ्याबद्दल एक शब्द. पण ती मेल मी छापून शेडच्या भिंतीला लावली आणि एकेक ओळ चिबा-सानांना जपानीत करून सांगितली. ते प्रत्येक ओळीवर म्हणत, “न्दा.” म्हणजे इकडच्या बोलीत ‘खरंच की.’ शेवटी म्हणाले, “तुमच्या नवऱ्याला गाडी कळत होती.” मी ‘नवरा’ दुरुस्त केलं नाही.

तुला वाटेल, एक इंजिन काढायचं, दुसरं ठेवायचं, त्यात काय. मलाही तसंच वाटलं होतं. दोन्ही गाड्या मागच्या चाकांवर चालणाऱ्या, दोन्हींचं इंजिन लांबीत बसवलेलं, एवढीच काय ती सोय. चेनपुलीने इंजिन गिअरबॉक्ससकट उचललं, डॅटसनच्या तोंडात उतरवलं आणि ते कुठेच बसेना. टर्बोचा पाइप नेमका स्टिअरिंगच्या दांड्याला भिडत होता. गिअरचा दांडा सीटखाली येत होता, म्हणून ट्रकचा तळ कापावा लागला. जुनं इंजिन कार्ब्युरेटरचं, त्यामुळे पेट्रोलचा पंपही नवा हवा. रेडिएटर मोठा, ब्रेक मोठे. सहा वेळा इंजिन उतरवलं आणि सहा वेळा काढलं. चिबा-सान पुठ्ठ्याचे साचे कापून देत आणि मी इंजिन धरणारे पोलादी आधार वेल्ड करी. आयुष्यभर प्रयोगशाळेत धातू किती ताण सोसून मग तुटतो तेच मोजत आले, आणि सत्तावन्नाव्या वर्षापर्यंत चालणाऱ्या गाडीचा एक तुकडाही मी स्वतः जोडला नव्हता! माझं पहिलं वेल्डिंग पाहून चिबा-सान म्हणाले, “पक्ष्याने घाण केल्यासारखं दिसतंय.” आणि ग्राइंडर हातात दिला.

आमचा दिवस शनिवार. सकाळी नऊला मी शेडमध्ये जायचे, थर्मासमध्ये चहा, डब्यात थालीपीठ. त्यांना थालीपीठ फार आवडायचं, त्यावर सोया सॉस घालून खायचे, मी बघायचे नाही. केरोसीनचा स्टोव्ह, रेडिओवर बेसबॉल, हिवाळ्यात जुन्या सामन्यांच्या गप्पा. तासन्‌तास बोलणं नाही. प्रयोगशाळेत मला आता फार कुणी विचारत नाही. निवृत्ती जवळ आलेल्या बाईला मीटिंगला बोलावतात, मत विचारत नाहीत. घरी बोलायला कुणी नाही. कचऱ्याच्या दिवशी शेजारीण “थंडी वाढली” म्हणते तेवढंच. आठवड्यातून एक दिवस कुणीतरी “दहा नंबरचा पाना” म्हणून माझ्यासमोर हात पसरायचं, मला ते बरं वाटायचं.

असं इंजिन बदललं की सरकारकडे अर्ज करावा लागतो. त्याला जोडून हिशेब द्यायचा, की वाढलेली ताकद ट्रकचा सांगाडा, ब्रेक आणि मागच्या चाकांकडे जाणारा लांब दांडा सोसू शकतील. चिबा-सान या कागदांना घाबरत होते. मी तीन आठवडे बसून अठ्ठावीस पानं केली. ऑफिसातल्या तरुण कारकुनाने ती चाळली आणि विचारलं, “हे कुणी केलं?” चिबा-सान माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, “याच विषयात यांची डॉक्टरेट आहे.” इतक्या अभिमानाने माझ्याबद्दल कुणी बोललं त्याला किती वर्षं झाली, मी मोजत बसले होते.

गेल्या फेब्रुवारीत पहिल्यांदा किल्ली फिरवली. दोनदा नुसतं खोकलं, तिसऱ्यांदा लागलं. तो आवाज ऐकून डोळ्यांत पाणी आलं वगैरे लिहिलं तर खोटं होईल. मला आधी आठवलं ते हे, की त्या आवाजाचा मला वैताग यायचा. रविवारी सकाळी मी लेख लिहीत असायचे आणि खाली बाबा गाडी सुरू करून तुला विचारायचे, “ऐकू येतंय का? कसली टकटक येतेय?” आणि तू बॉनेटला कान लावून म्हणायचीस, “नाही, बरोबर आहे.” मी वरून खिडकी लावून घ्यायचे. एवढं आठवलं, आणि मग मी टायरवर बसले ते बराच वेळ उठले नाही. चिबा-सानांनी इंजिन दोन मिनिटं चालू ठेवलं, मेलमध्ये लिहिलं होतं तसं, आणि बंद केलं. मग स्टोव्हजवळ बसून त्यांनी विचारलं, दोन हिवाळ्यांत पहिल्यांदा, “तुम्ही त्यांच्या मागोमाग का नाही गेलात?” मी नेहमीचं उत्तर दिलं. प्रयोगशाळा. भट्ट्या. विद्यार्थी. ते म्हणाले, “न्दा.” आणि पाने पुसायला लागले. पण त्यांना पटलं नव्हतं, हे मला कळलं.

पुढच्या शनिवारी मी त्यांना खरं सांगितलं. तेच तुला सांगते. तुला आजवर वाटलं असेल, की आई अडकली. विमानं नव्हती, व्हिसाचं काहीतरी होतं, काम होतं. तसं काही नव्हतं, अनघा. एप्रिलच्या दुसऱ्या तारखेचं तिकीट माझ्याकडे होतं. चिबा-सानांनीच मला यामागाताच्या विमानतळावर सोडलं होतं. मी आत गेले, बाकावर बसले, माझ्या विमानाची घोषणा झाली, आणि मी बसून राहिले. मग बस पकडून परत आले. त्या तीन आठवड्यांत मी रोज चिबा-सानांबरोबर ट्रकमधून पाणी वाहत होते, वस्तीतल्या म्हाताऱ्यांची घरं बघत होते, पालिकेसाठी पुलांचे बोल्ट तपासत होते. लोक माझं नाव घेऊन हाक मारत होते. पुण्याहून बाबा फोनवर म्हणाले होते, “आता ते लॅब-बिब पुरे. घरी राहा, अनघाला तुझी गरज आहे.” दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. तुला माझी गरज होती. आणि मला घरी राहायचं नव्हतं. मी निवडलं. मग स्क्रीनवर तुला दर वेळी सांगत राहिले, “पुढच्या महिन्यात येते.” अकरा वेळा सांगितलं. बाराव्या वेळी तू स्क्रीनसमोर आलीच नाहीस. बाबा म्हणाले, “खेळायला गेलीय.” मागे तुझा आवाज येत होता.

हे ऐकून चिबा-सानांनी हातातला पाना खाली ठेवला. मला वाटलं होतं, ते म्हणतील, तुमचा काय दोष, दिवसच तसे होते. सगळे तसंच म्हणतात. ते म्हणाले, “हे मला सांगून काय उपयोग?” एवढंच. मला राग आला, दोन शनिवार मी शेडवर गेले नाही. तिसऱ्या शनिवारी गेले तर त्यांनी माझ्या वाट्याचं काम तसंच ठेवलं होतं.

एप्रिलमध्ये ट्रक तपासणीत पास झाला. जूनमध्ये चिबा-सानांनी आपलं लायसन्स पोलिसांना परत केलं. नजर अधू झाली होती. ट्रक माझ्या नावावर करून दिला आणि यामागाताला भाचीच्या घराजवळच्या वृद्धाश्रमात राहायला गेले. निळ्या कौलांचं घर आता बंद आहे. शेडची किल्ली माझ्याकडे आहे. शनिवारी मी अजूनही नऊ वाजता उतरते, दार उघडते, काही करण्यासारखं नसतं, झाडून घेते.

सप्टेंबरमध्ये टोकियोहून चित्राचा फोन आला. माझी जुनी मैत्रीण, सेंदाईला आमच्या वरच राहायची, आता हिगाशी-कसाईला असते. इकडच्या तिकडच्या गप्पा मारता मारता म्हणाली, “अगं, तुझी अनघा आमच्याच बिल्डिंगमध्ये, सहाव्या मजल्यावर! गणपतीला आरतीला आली होती, किती गोड आहे. एप्रिलपासून इथे आहे म्हणाली. तू येऊन गेली असशील ना?” मी म्हटलं, “हो, दोनदा येऊन गेले.” फोन ठेवला आणि बोटांवर महिने मोजले. तू सहा महिने माझ्यापासून दोन तासांच्या शिंकान्सेनवर होतीस. तू का कळवलं नाहीस, हे मी विचारत नाही. विचारायचा हक्क मी विमानतळावरून परत आले तेव्हाच सोडला. तुला वाढवलं ते बाबांनी आणि, त्यांच्या दुसऱ्या लग्नानंतर, सुमेधाने, आणि चांगलं वाढवलं, हे चित्राच्या एका वाक्यावरूनही कळलं.

ऑक्टोबरमध्ये चिबा-सानांना भेटायला गेले. खिडकीतून त्यांनी ट्रक पाहिला, आवाज ऐकला, डोकं हलवलं. मग विचारलं, “कुठवर नेला?” मी म्हटलं, “सुपरमार्केटपर्यंत. आणि इथे.” ते म्हणाले, “सेन्सेई, सुपरमार्केटला जायला ते इंजिन लागत नाही.” त्यांना तुझ्याबद्दल मी काही सांगितलेलं नव्हतं. तरी निघताना पिशवीभर पेअर हातात दिली, यामागाताची, आणि म्हणाले, “एकटीने संपणार नाहीत.”

गेल्या शनिवारी, आठ तारखेला, पहाटे निघाले. समुद्राकडचा जोबान हमरस्ता घेतला. मधे तो भाग लागतो, जिथे रस्त्याकडेला किरणोत्साराचा आकडा दाखवणारे फलक आहेत. खाली रिकामी शेतं. इंजिन इतकं सहज चालत होतं, की मला दर थोड्या वेळाने काट्याकडे बघून पाय उचलावा लागे. साडेदहाला हिगाशी-कसाईला पोचले, तुझ्या इमारतीसमोरच्या पार्किंगमध्ये ट्रक लावला, टर्बो निवेपर्यंत आत बसले, मग उतरून रस्त्यापलीकडच्या मशीनमधून गरम चहाचा कॅन घेतला आणि तिथेच थांबले. बेल वाजवायला जाणारच होते. तेवढ्यात तू खाली आलीस. कानात हेडफोन, हातात प्लास्टिकच्या कचऱ्याची पिशवी, चाल थेट माझ्या आईची.

हे पत्र का लिहिते आहे ते आता सांगते. पिशवी टाकून तू परत वळलीस आणि तुला तो हिरवा ट्रक दिसला. तू थांबलीस. त्याच्याभोवती एक पूर्ण फेरी मारलीस, वाकून खाली डोकावलीस, आणि मोबाइल काढून त्याचा फोटो घेतलास. नीट फोटो मिळावा म्हणून मागे सरकत सरकत रस्ता ओलांडून तू मशीनजवळ आलीस, आणि तुझं कोपर मला लागलं. तू मान झुकवून म्हणालीस, “सुमिमासेन.” मी मास्क लावला होता, केस आता पांढरे आहेत आणि बारीक कापलेले. तू मला ओळखलं नाहीस, त्यात तुझी चूक नाही. मी उत्तरादाखल मान झुकवली, एखाद्या परक्या बाईने झुकवावी तशी, आणि तू निघून गेलीस. मग मी पेअरची पिशवी घेऊन साडेतीनशे किलोमीटर परत आले. पाच दिवस झाले, माझ्याच्याने राहवत नाही. ज्या बाईला तुझं कोपर लागलं ती मी होते. त्या ट्रकमध्ये बाबांच्या सिल्व्हियाचं इंजिन आहे. येत्या तेवीस तारखेच्या रविवारी अकरा वाजता मी पुन्हा येते आहे, आणि या वेळी सहाव्या मजल्यावर येऊन बेल वाजवणार आहे. दार उघडायचं की नाही, ते तू ठरव.

तुझीच,
आई